पंखेवाल्याचं नाव

उकंडरावांनी सारी नोकरी वणीकडच्या एका कोळसा खाणीत, एका पंख्यापाशी काढली. पंखा घरातल्यासारखा नव्हे. खाणीच्या तोंडाशी पक्क्या खोलीत बसवलेला, पुरुषभर उंचीचा. खालची खराब हवा तो ओढून वर फेकायचा. कोळशातून मिथेन वायू सुटतो. त्याला ना रंग, ना वास. तो खाली साचला आणि ठिणगी पडली, तर अख्खी पाळी जळून जाईल. म्हणून पंखा थांबू द्यायचा नाही, हे उकंडरावांचं काम. डोळ्यांत तेल घालून त्यांनी ते केलं. निवृत्त होऊन आपल्या गावी, कामरगावला आले, तरी लोक त्यांना पंखेवाले म्हणत. त्यांना ते आवडायचं.

मुलगा उत्कर्ष शिकून ऑस्ट्रेलियात गेला. तिथल्या कोळसा खाणींतून किती मिथेन निसटतो हे मोजायची त्याची नोकरी. गेल्या वर्षी एका वर्तमानपत्रात त्याची मुलाखत आली. दोन देशांची तुलना करताना तो म्हणाला होता, "हा वायू पृथ्वी तापवतो. तिकडे बऱ्याच खाणींत बोअर पाडून तो आधीच काढतात आणि जाळतात. आपल्याकडे सरळ आभाळात सोडतात. माझ्या वडिलांनी, उकंडरावांनी, आयुष्यभर तेच केलं."

तो पेपर गावच्या एसटी स्टँडवरच्या हॉटेलात पोचायला वेळ लागला नाही. शेजारच्या वावराचा भागवत चहा पिता पिता म्हणाला, "काय पंखेवाले, औंदा ऊन लय तापून राह्यलं. ग्यास तुमीच सोडला म्हन्ते वरत."

"तुह्या सोयाबीनले लागलं का?"

"लागलं ना. घरचंच पोट्टं साक्षीदार हाये. खोटं कसं म्हनू?"

सगळे हसले. उकंडराव चहा तसाच ठेवून उठले. त्या दिवसापासून मुलाशी बोलणं बंद. फोन आला की बायको भागिरथाबाई बोलत आणि हे अंगणात जाऊन उभे राहत.

मग भागिरथाबाईच गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी उत्कर्ष आला. घरात बापलेक एकमेकांना टाळून वावरले.

"बाबा, बोलनाऱ्यायत दादाचं नाव घेतलं," मुलगी रत्नमाला म्हणाली.

"घे. पन मायवर बोल म्हना. ग्यासवर बोलला तं माइक हिसकून घेईन."

मंडपात बुद्धवंदना झाली. चारदोन जण आदरांजलीपर बोलले. उत्कर्ष उठला. आईबद्दल तो चांगलं बोलला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. मग म्हणाला, "आईनं शेवटच्या फोनवर एकच सांगितलं, बापाची माफी माग. ते मी करणार नाही. मी खोटं बोललो नव्हतो."

उकंडरावांनी जाऊन माइक घेतला. "नको मागू माफी. माह्या खानीत उतरलेले लोक समोर बसले हायेत, त्यायच्याकडं पाहून सांग. ग्यास मी खाली ठिवला असता, तं हे आज इथं आले असते का?"

"सोडायलाच पाहिजे होता, बाबा. पन जाळता आला असता."

"तवा कोन सांगत होतं जाळाले?"

समोरून गोविंदसिंग बोलला. तो त्यांच्याच पाळीचा मुकादम. "उकंडराव, एका साहेबानं सांगितलं होतं. बोअर पाडून काढू म्हने. आपन दोघंही हासलो होतो."

उकंडरावांना ते आठवलं. मंडप त्यांच्याकडे पाहत होता.

"हासलो," ते म्हणाले. "बरं. आता तू सांग. तुह्या त्या देशातल्या खानी साफ हायेत?"

"नाही."

"मोठ्यानं."

"एकूण पाहिलं तर अंदाजानं आपला वायू जास्त. आपला कोळसाच कितीतरी जास्त निघतो. पण टनामागे पाहिलं तर त्यांचा जास्त. त्यांच्या भूमिगत खाणी खोल आहेत, वायूनं भरलेल्या. काढून उरतो तो पंख्यानंच बाहेर जातो."

"पंख्यानं?"

"हो."

"चालवनारा असन ना कोनी."

"आहे."

"त्याचं नाव छापलं का पेपरात?"

मागे भागवत हसायला लागला. उकंडरावांनी नुसतं वळून पाहिलं, तसा तो मान खाली घालून बसला.

"एकूनचा आन् टनामागचा, दोन्ही हिशेब छाप," उकंडराव म्हणाले. "आमी हासलो तेही छाप. तोवर ह्या उंबऱ्यात पाय ठिवू नको."

"छापतो. तुमाले बरं वाटावं म्हनून नाही."

"मले बरं वाटाचं कामच नाही."

उत्कर्ष पिशवी घेऊन कारंजाला जाणाऱ्या जीपकडे निघाला. आत्या, मावश्या त्याला जेवून जा म्हणत मागे धावल्या. उकंडरावांनी माइक रत्नमालेच्या हाती दिला आणि पुढच्या बोलणाऱ्याचं नाव घ्यायला सांगितलं.

पंगत बसली, तेव्हा गोविंदसिंगला भाजी वाढायला ते स्वतः गेले. वाढता वाढता खालच्या आवाजात म्हणाले, "हासलो होतो, हे इथंच सांगाचं होतं?"

"इच्यारलं तुमीच," गोविंदसिंग म्हणाला. "भाजी पातळ वाढा."