धोंडीमामांचं कॉफी हाऊस

धोंडीमामा बशी द्यायचे ती तोंड फिरवून. सगळ्यांनाच नाही हं. बाहेरच्या बाकांवर बसणाऱ्या आम्हा कारखान्याच्या माणसांकडे ते चांगले डोळे वटारून बघायचे, कुणी पावाचा तुकडा टाकला तर खडसावायचे. पण मागच्या भिंतीशी मिलिटरीचं जुनं हिरवट कापड टांगून त्यांनी एक टेबल आडोशाला ठेवलं होतं. तिथे काही न्यायचं झालं की मामा पडद्यापाशी जायचे, मान पार उलटीकडे वळवायचे आणि नुसता हात आत घालायचे. न्हाणीतल्या माणसाला दाराआडून टॉवेल द्यावा ना, तसं. आतून कुणीतरी बशी घ्यायचं आणि मामा पुन्हा चुलीपाशी.

मी पहिल्या दिवशी नेमका त्याच टेबलाशी जाऊन बसलो. मामा आले आणि म्हणाले, "उठा. बाहीर बसा. ती जागा बसायची न्हाई."

"मग काय पूजेची आहे?" मी विचारलं. माझं तोंड तेव्हापासूनच असं.

"लाजंची हाय. तुमाला लाज वाटती का हाटेलात खायाची?"

"मला? नाही बुवा."

"मग बाहीर बसा की राव!"

आमची ओळख झाली ती अशी. नवे पैसे यायच्या आधीचे दिवस होते. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता आणि मी नगर जिल्ह्यातून येऊन तिथे स्टोअरमध्ये चिकटलो होतो. बायको-मुलं गावाकडे, आणि मी चिंचवड गावठाणात नानांच्या माडीवर भाड्याने. नाना म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. तंटा असो, लग्न असो, नानांना बोलावल्याशिवाय पान हलायचं नाही. स्वभावाने माणूस तसा गोड. भाडेकरूला आंबे द्यायचा.

मामांचं दुकान स्टेशनवरून गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर होतं. पत्र्याचं छप्पर, चार बाकं, आणि पाटीवर नुसतं 'कॉफी हाऊस'. नाव काहीच नाही. मी म्हटलं, मामा, एखाद्या देवाचं तरी नाव द्यायचं. तर म्हणाले, "नाव कशापायी? गावात दुसरं हाय का?" मामा मूळचे पुनावळ्याचे. पोरवयात देहूरोडच्या छावणीत गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये भांडी घासायला लागले आणि बघता बघता तिथले आचारी झाले. साहेब गेले, मेस गेली, आणि मामा दोन गोष्टी घेऊन बाहेर पडले: फडक्यातून गाळलेली कडक कॉफी आणि कटलेस-पाव. पाव मधोमध चिरायचा, लोण्यावर शेकायचा, आत बटाट्याचं नाहीतर खिम्याचं गरमागरम कटलेस, वर कांद्याची चकती. दोन्ही हातांनी धरल्याशिवाय खाता यायचं नाही. चहा ते करायचेच नाहीत. "चहा हुभ्यानं पित्यात आन् पळत्यात. कापीला मानूस बसतंय, बोलतंय," असं त्यांचं म्हणणं. कॉफीत जायफळ घाला म्हटलं की भडकायचे. "जायफळानं झोप येती. झोपायचं आसंल तर घरी जावा!"

पण त्या छावणीतल्या नोकरीने मामांचं एक वाटोळं केलं होतं. गोऱ्यांची उष्टी काढली, त्यांच्यासाठी नको ते शिजवलं, म्हणून पुनावळ्याच्या भावकीने त्यांना तोडलं होतं. लग्नाकार्याचं आवतण नाही, येणंजाणं नाही. बायको आधीच गेलेली. उरली ती एकुलती एक लेक, कुसुम. सातवी पास, तरतरीत, बापासारखीच फटकळ. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत बापलेक राहायचे.

आता लोक बायकापोरांना घेऊन हॉटेलात जातात आणि चार ठिकाणी सांगतात. तेव्हा हॉटेलात खाणारा म्हणजे वाया गेलेला, असा हिशेब होता. घरंदाज माणसाने तर त्या दारासमोर रेंगाळायचंही नाही. पण जीभ का घरंदाज असते? बोळातून मागचं दार होतं, आत ते टेबल होतं. संध्याकाळी एकेक जण बोळातून गुपचूप यायचा. पडदा गुडघ्यापर्यंतच होता, त्यामुळे मला माझ्या बाकावरून पायताणं दिसायची. नानांचा करकर वाजणारा पुणेरी जोडा तर मी झोपेतही ओळखला असता. त्यांना खिम्याचं लागायचं, आणि एकाने भागायचं नाही. दुसऱ्या एका गृहस्थांची, गळ्यातली माळ काढून खिशात ठेवल्याची खुळखुळ आधी ऐकू यायची आणि मग हळूच आम्लेटची मागणी.

मी मामांना चिडवायचो. "आज आत कोण आहे हो? जोडा ओळखीचा वाटतो."

"आमी बगितलं न्हाई."

"अहो, रोज तुमच्या हातचं खातात!"

"हात दिसतो. मानूस दिसत न्हाई," म्हणून मामा कढईकडे वळायचे. मला त्यात गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर कौतुकही.

मग कुसुमचं लग्न निघालं. तळेगावाकडचं स्थळ, मुलगा रेल्वेत. मुलाने स्टेशनवर येता-जाता तिला पाहिलं होतं आणि हट्टच धरला होता. मुलाचा बाप शहाणा माणूस. म्हणाला, "पाव्हणं, छावणीचं मला काय न्हाई. पन सुपारी फोडायला तुमची भावकी बसनार न्हाई, ते मला कळलंय. मग गावातली चार मानसं तरी बसवा. त्यांनी आमच्यादेखत तुमच्या घरचं पानी पिलं की झालं. उद्या आमच्या भावकीला मी काय सांगू?" मागणं काही वावगं नव्हतं. मुलीच्या घरचं पाणी चालतं, एवढं गावाने सांगायचं.

मामा एकेकाकडे जाऊन आले. सगळे म्हणाले, येतो की! नाना तर म्हणाले, "धोंडीबा, कुसुम काय तुझी एकट्याची आहे?" मामा त्या दिवशी परत आले ते तरंगतच. मला म्हणाले, "राव, गाव चांगलं हाय." एवढ्या वर्षांत मी त्यांना स्वतःच्या दुकानात बसून कॉफी पिताना पाहिलं ते त्याच दिवशी.

सुपारी रविवारी सकाळी होती. बाकं बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या. मामा धुतलेलं धोतर नेसून, कोशा पटका बांधून तयार. मेसमधून आणलेल्या चिनीमातीच्या कपबशा कुसुमने राखेने घासून लखलखीत केल्या होत्या. पाहुणे आले. पानाचं तबक मांडलं. आणि आम्ही वाट बघत बसलो. पहिल्यांदा हसत-बोलत, मग नुसतेच रस्त्याकडे बघत. कुणी आलं नाही. गावातून एक कुत्रं आलं नाही! मी होतो, पण मी पडलो परगावचा, मला कोण धरतो? कॉफीवर साय धरली.

शेवटी नाना दिसले. स्टेशनकडे निघाले होते, पलीकडच्या कडेने. मुलाचा बाप त्यांना ओळखत होता. तो उठून रस्त्यावर गेला आणि हात जोडून म्हणाला, "नाना, तुमी आलात, देव आला. घोटभर कापी घ्या, म्हंजी सुपारी फोडून मोकळं हू."

नाना थांबले. दुकानाकडे त्यांनी असं पाहिलं, जणू जन्मात पहिल्यांदाच बघताहेत. म्हणाले, "मला जरा गाडी गाठायची आहे. आणि ते हॉटेलचं आम्हाला चालत नाही हो. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही हं! गरीब आहे बिचारा."

माझं डोकं फिरलं. मी ओरडणारच होतो, पण मामांनी माझं मनगट असं आवळलं की हाड मोडतंय का काय असं वाटलं. तेवढ्यात कुसुम बाहेर आली. सुपारीला मुलगी अशी चारचौघांत येत नाही, पण ती आली आणि बापासमोर उभी राहिली.

"आबा, सांगा ना. रोज तुमच्या हातचं कोण खातं, ते सांगा. माझ्यासाठी सांगा."

सगळ्यांची तोंडं मामांकडे वळली. नानांचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. मामांनी लेकीकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, मग खाली सतरंजीकडे. "मी कुनाला बगितलं न्हाई," ते म्हणाले.

पाहुणे उठले. मुलाच्या बापाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तो उठला. नानांना त्यांची गाडी मिळाली असावी.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर नाना कधी तिकडे फिरकले नसतील. चार दिवसांनी बोळात जोडा करकरला! मामांनी मान वळवली आणि बशी आत सरकवली. मी कटलेस तसंच टाकून उठलो आणि रस्त्यावर उभा राहून मामांना वाटेल ते बोललो. मेंगळट म्हटलं, लेकीचा वैरी म्हटलं. मामा फक्त म्हणाले, "खाऊन घ्या राव. गार हुतंय." नानांची खोली मी त्या महिन्यात सोडली.

कुसुमला दुसरं स्थळ आलं नाही. एकदा मोडलेलं, आणि तेही असं चव्हाट्यावर. मग कोण येतो? तिने बापाशी बोलणं टाकलं. त्यांचं जेवण वाढायची, धोतर धुवायची, खोकला वाढला तेव्हा काढा करून उशाशी ठेवायची, पण शब्द म्हणून नाही. पुढे आमच्या कारखान्यात बाटल्या भरायला बाया घेऊ लागले, तेव्हा ती लागली. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी मान खाली घालून यायची. कारखान्याने स्वतःचं कँटीन काढलं आणि मामांची बाहेरची बाकं ओस पडली. बोळातलं दार तेवढं वाजत राहिलं.

छातीच्या दुखण्याने मामा अंथरुणाला खिळले, तेव्हा मी दुपारचा जाऊन बसायचो. कुसुम कामावर असायची. असाच एकदा राहवलं नाही आणि मी विचारलं, "मामा, त्या दिवशी का नाही बोललात? एक शब्द, फक्त एक!"

धापा टाकत ते कुशीवर वळले. मग म्हणाले, "बोललो आसतो, तर नाना काय म्हनला आसता?"

"काय म्हणणार? तोंड काळं झालं असतं त्याचं!"

"न्हाई. तो म्हनला आसता, धोंडीबा खोटं बोलतोय. बाकीचे बी तेच म्हनले आसते, गळ्याची आन घिऊन. मग पाव्हन्यानं कुनाचं खरं धरलं आसतं, राव? उष्टी काढनाराचं, का नानाचं?"

मी साक्षीला होतो, असं म्हणणार होतो. पण मी काय पाहिलं होतं? पायताणं.

"पोरगीला वाटतंय, माज्या शबदाला वजन हाय. बापानं वापरलं न्हाई, म्हनून राग धरून हाय," मामा म्हणाले. "धरू दे. आपल्या बापाच्या बोलन्याला गावात कवडीची किंमत न्हाई, ह्ये तिला तितं, सगळ्यांम्होरं कळलं आसतं तर? तुमी सांगायचं न्हाई. माजी आन हाय तुमाला."

पुढच्याच आठवड्यात मामा गेले. खांदा द्यायला आम्ही कारखान्याची माणसं होतो. नाना दारापर्यंत आले, "फार चांगला माणूस," असं दोनदा म्हणाले आणि बाहेरूनच परत गेले. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो नाही. आता त्याने कुणाचं काय भलं होणार होतं?

घाटावरून आल्यावर कुसुमने मला हातपाय धुवायला पाणी दिलं. डोळे कोरडे होते. तांब्या घेऊन ती तशीच उभी राहिली, मग म्हणाली, "काका, तुम्ही रोज दुपारी बसायचात त्यांच्यापाशी. माझ्याबद्दल काही बोलले का कधी?"

मी म्हटलं, "नाही."

"वाटलंच," ती म्हणाली. "बोलायची गरज होती तेव्हा तरी कुठे बोलले?"