गुरुजी उठले

बनारसच्या एका इस्पितळात मी फिजिओथेरपीच्या मदतनिसांना शिकवते. माझ्या वर्गात रामनगरहून येणारी एक किरकोळ अंगाची मुलगी होती. तिला पहिला पेशंट मिळाला तो घाटावर पूजा सांगणारे आमचे एक मराठी गुरुजी. देह चांगलाच भारी, त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वॉर्डबॉय त्यांना बगलेत धरून ओढत उभं करायचे, आणि ते कळवळायचे.

तिला पाहून गुरुजी मला मराठीत म्हणाले, "ताई, ही मला काय उचलणार? दोघंही पडू."

"ती उचलणार नाही, गुरुजी. तुम्हीच उठणार आहात."

असं म्हटलं खरं, पण मनातून मीही धास्तावले होते.

तिने खुर्चीत बसलेल्या गुरुजींच्या कमरेला आधाराला धरायचा पट्टा बांधला, चांगला पाय मागे घ्यायला लावला आणि गुडघे वाकवून त्यांच्या बाजूला उभी राहिली. "बाबा, हाथ कुर्सी पर. आगे झुकिए. अब उठिए."

गुरुजी उठले. पट्ट्यावर तिचा हात होता, पण तिला जोर लावावाच लागला नाही. वॉकर धरून ते ताठ उभे राहिले, कळवळले नाहीत. दारात जमलेला माझा सगळा वर्ग हसत होता.

"बिठा दे, बेटी," ते म्हणाले. "फिर से उठेंगे."