तिच्या वर्षातलं छप्पर

माझ्या मुलाचा शहराबाहेर कारखान्यांच्या वस्तीत एक छोटा शेड आहे. तिथं लोखंडी तार तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या हौदात धुतात, की तिचा गंज निघतो आणि मग ती पुढच्या कारखान्यात जाते. तेजाबाची वाफ दिवसभर वर चढत असते. तारेचा गंज निघतो आणि तो छपराला लागतो. आम्ही इकडे हिंदी मुलखात पत्र्याला चद्दरच म्हणतो. त्या चद्दरी खालून अशा खाल्ल्या गेल्या होत्या की भर दुपारी हौदावर उन्हाचे कवडसे पडायचे.

बायको गेली त्याच्या आधीच नवं छप्पर घालायचं ठरलं होतं. मग ती गेली, आणि सगळं थांबलं. आमच्यात मयताचं वर्ष पाळतात. त्या वर्षात सण नाही, लग्नकार्य नाही, नवीन बांधकाम नाही. मुलगा एरवी देवळाच्या पायरीलासुद्धा उभा राहत नाही, पण हे मात्र त्यानं धरलं. छप्पर म्हणजे नवीन काम, ते आईचं वर्ष झाल्यावर. तोवर भोकांवर जुन्या चद्दरीचे तुकडे ठोकायचे आणि वर ताडपत्री.

मलाही बरंच वाटलं असणार. तिच्यासाठी कुणीतरी काहीतरी थांबवलंय, एवढं पुष्कळ होतं.

दाना ओलीतल्या आमच्या घरी तिच्याशिवाय बसवत नाही, म्हणून मी रोज मुलाबरोबर शेडवर जायला लागलो. खुर्ची टाकून दारात बसायचो. एक दिवस वरून ठोकलेल्या तुकड्यांपैकी एक सुटला आणि सरळ हौदात पडला. तेजाब उडालं. हौदावर जो माणूस तार बुडवत होता त्याच्या हातावर आणि मानेवर आलं. बाकीच्यांनी त्याला ओढून नळाखाली धरलं. डोळे वाचले. तो दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून पुन्हा कामावर आला, आणि त्याच हौदाशी उभा राहिला. उभा राहायच्या आधी त्यानं एकदा वर बघितलं. ते बघणं मला काही सोडेना.

संध्याकाळी घरी मी मुलाला सांगितलं, छप्पर आता घाल. तो म्हणाला, "बाबा, आईचं वर्ष आहे."

मी म्हटलं, "तुझ्या आईला ठाऊक असतं तर तिनं तुला चपलेनं मारलं असतं."

तो जेवणावरून उठला. दारात थांबून म्हणाला, "तुम्हालाच घाई झाली आहे तिला पोचवायची."

सून भांडी आवरत होती, तिनं त्याचं ताट झाकून ठेवलं. मला उत्तरं खूप सुचली, पण त्यातलं एकही त्याच्यापर्यंत गेलं नसतं.

आमचे गुरुजी आमच्याच लष्कर भागात राहतात. त्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, वर्षश्राद्ध आधी उरकता येतं, घरात लग्न निघालं की लोक करतातच. मग वर्ष पुरं झालं असं धरायचं आणि कार्याला मोकळं व्हायचं. छपरासाठी मात्र त्यांना अजून कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी पंचांग काढलं आणि दिवस बघून दिला.

बायकोची थोरली बहीण जयेंद्रगंजात असते. तिला सांगायला गेलो तर तिनं चहाचा कप हातात देऊन ऐकवलं, "मुलीच्या लग्नासाठी वर्ष उरकतात भाऊजी. टिनाच्या चद्दरीसाठी उरकणारे तुम्हीच पहिले." मी चहा पिऊन उठलो. श्राद्धाला ती आली मात्र. बोलली नाही माझ्याशी, पण आली आणि सगळा स्वयंपाक तिनंच केला.

मुलगा विधीला बसला, गुरुजी सांगतील तसं करत गेला. माझ्याकडे बघितलं नाही.

चद्दर निवडायलाही तो आला नाही, तुम्हीच बघा म्हणाला. मी चौथी शिकलेला माणूस, मला काय कळतंय त्यातलं. दुकानात चकचकीत निळ्या रंगाच्या चद्दरी उभ्या केलेल्या होत्या. मी त्याच द्या म्हटलं. दुकानदार तरुण होता, शिकलेला. त्यानं काम काय आहे ते विचारलं आणि चद्दर उलटी करून दाखवली. खालून रंगाचा नुसता पातळ हात मारलेला होता. म्हणाला, "बाबूजी, पानी ऊपर से आता है, आपका तेज़ाब नीचे से आएगा."

त्यानं मला सगळं नीट समजावलं. साध्या जस्ताच्या चद्दरीला तेजाबाची वाफ लगेच खाते, जुन्या तशाच गेल्या होत्या. ॲल्युमिनियमलाही ती सोडत नाही. स्टीलची घ्यायची तर आमची ऐपत नाही, आणि तिलाही या वाफेनं बारीक खड्डे पडतात. तुमच्यासाठी म्हणाला, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकची जाड साल चढवलेली चद्दर मागवतो. जिथं कापाल तिथं उघडं लोखंड दिसतं, तिथं लगेच रंग लावा, नाहीतर गंज तिथूनच आत शिरेल. स्क्रूसुद्धा तसलेच घ्या. आणि हौदावर वाफ ओढणारा पंखा बसवा, नाहीतर कसलीच चद्दर पुरायची नाही. मी विचारलं, हे सगळं केलं तर कायमची टिकेल ना? तो म्हणाला, कायमचं असं काही आमच्याकडे मिळत नाही.

छप्पर चढलं. काम चालू होतं तोवर हौद झाकून ठेवले होते. शेवटची चद्दर बसली तेव्हा आत एकदम अंधार झाला, कारण भोकांतून येणारं ऊन गेलं. दिवा लावला. पट्टीवाला माणूस हौदाशी गेला आणि वर न बघता कामाला लागला. मुलगा माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "पंखा उद्या लागेल." एवढंच.

त्या दिवशी घरी सुनेनं श्रीखंड केलं. नवं छप्पर झालं, वर्षही फिटलं, आता गोड करायला हरकत नाही असं तिला वाटलं, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. पण बायको गेल्यापासून या घरात गोड शिजलं नव्हतं, आणि तिची खरी तिथी यायला अजून बरेच महिने होते. ताटात वाटी आली. मुलगा त्याच्या वाटीला हात न लावता बसला होता, मी काय करतो ते बघत. नको म्हणायला मला जागा नव्हती. वर्ष मीच संपवलं होतं.

मी खाल्लं. मग त्यानंही खाल्लं.