भामाक्काची लाल ओळ

भामाक्का रागीट, हे तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. भाजीवाली तिच्या वजनात काटा मारत नसे आणि पोस्टमन तिचं पत्र शेजारी टाकत नसे. एवढा राग या बाईला का येतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. आमची माणसं तशीच! झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकलेली होती ती अशी. भामा सतरा वर्षांची असताना तिचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी लावलं. महाराष्ट्रात ऐकणारे कानावर हात ठेवतील, ठेवोत. तमिळ मुलखात तीनशे वर्षं राहिलो, इथली रीत अंगवळणी पडली. बहिणीच्या मुलीवर मामाचा पहिला हक्क, घरची पोर घरात राहते, असं म्हणायचे. सेतुराममामा तेव्हा बत्तीस वर्षांचा, शेतकी खात्यात कारकून. तो तिरुवैयारुला, तिच्या माहेरी, यायचा तेव्हा भामा दारात उभी असायची. कावेरीत पोहायला त्यानंच तिला शिकवलं होतं. तिचं सगळ्यांत लाडकं माणूस म्हणजे हा मामा. एका मुहूर्तावर त्याचा नवरा झाला आणि मामा कायमचा गेला. नवरा म्हणून तो वाईट नव्हता हो, कधी आवाज चढवला नाही की हात उगारला नाही. म्हणून तर तक्रार करायलाही तोंड उरलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो अठ्ठावीस वर्षं.

भामाक्काजवळ एक विद्या होती, वडिलांनी शिकवलेली. तिला मोडी वाचता येत असे. आमच्यात देवनागरी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके, तिथे मोडी कोण वाचणार? बंगळूरच्या एका कंपनीनं जुने मराठी कागद कंप्युटरवर चढवायचं काम काढलं, तेव्हा पाच वर्षं कंत्राटावर तिनंच ते वाचून दिले. २००३ साली कंपनीनं कळवलं की कंत्राटं बंद. ज्यांना कायम व्हायचंय त्यांनी सहा दिवसांचं शिक्षण घ्यावं, शेवटच्या दिवशी परीक्षा द्यावी, पास होईल त्याला नोकरी. सेतुराम निवृत्त झालेला, मुलगी अखिला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. नोकरी हवीच होती.

शिक्षण कसलं, तर ऑन्टॉलॉजीचं. कंत्राटावरच्या आम्हा गल्लीवाल्या बारा जणांना ते नाव नीट उच्चारताही येईना. शिकवायला आलेला मुरलीकृष्ण मात्र आपल्याच गल्लीतला, बंगळूरला जाऊन, दोन वर्षं अमेरिका करून आलेला. त्यानं सोपं करून सांगितलं. जगात काय काय आहे आणि कशाचं कशाशी काय नातं आहे, एवढं कंप्युटरला नीट लिहून द्यायचं. मग न सांगितलेलं तो स्वतः ताडतो. आई ही बाई असते आणि बाई माणूस असते असं लिहिलं की आई माणूस असते हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. आणि आपण लिहिलेल्यात कुठे विसंगती असली, तर ती ओळ तो लाल करतो.

भामाक्काला हे फार आवडलं. पाच वर्षं ती कागदांतून हेच तर करत होती, कोण कुणाचा मुलगा, कोणती जमीन कुणाच्या देवळाची. तिसऱ्या दिवसापर्यंत ती बाकीच्यांना शिकवू लागली. मुरली सगळ्यांदेखत म्हणाला, की आक्कांची जागा पक्की समजा.

परीक्षेला मुरलीनं विषय दिला स्वतःच्या घराचा. परदेशी कागदांतलं उदाहरण दारूच्या जातींचं होतं, ते तंजावरात कुणाला कळणार? म्हणून प्रत्येकानं आपलं कुटुंब लिहायचं, तीन पिढ्या. पायाचे नियम कंपनीनं आधीच घालून दिले होते, त्यांना हात लावायचा नाही. फाइलीत एकही लाल ओळ नको, म्हणजे पास.

भामाक्कानं तासाभरात घर लिहिलं. आई, आईची आई वसुमती, आईचा भाऊ सेतुराम. मग नवरा सेतुराम, मुलगी अखिला. बटण दाबलं आणि सेतुराम लालभडक झाला. पायाच्या नियमांत एक नियम होता. रक्ताचा नातेवाईक तो नवरा नव्हे.

आजूबाजूला बघितलं तर सगळ्यांचे पडदे स्वच्छ. तिला आश्चर्यच वाटलं, कारण बारांतल्या निदान चौघांची घरं तिला माहीत होती. शेजारच्या खुर्चीतल्या हिराबाईच्या आईला तर मामालाच दिलेली. तिनं वाकून पाहिलं. हिराबाईनं आईच्या आईला भाऊच दाखवला नव्हता, पुसून टाकला होता. वेंकटेशनंही तेच केलं होतं. कुणी तक्रार केली नाही, सगळे मूग गिळून बसलेले. भामाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुरली तिच्या खुर्चीशी आला, हलक्या आवाजात मराठीत बोलू लागला. दोनांतली एक ओळ काढा, मामा ठेवा नाहीतर नवरा, कंपनीचे लोक नुसतं लाल आहे का ते बघतात, मी सही करतो. असं म्हणून तो पुढे गेला.

भामाक्कानं नवऱ्याची ओळ काढली. बटण दाबलं. सगळं स्वच्छ.

ती पडद्याकडे बघत राहिली. सेतुराम नुसता मामा. अठ्ठावीस वर्षं तिनं मनात हेच मागितलं होतं, देवापुढे बसूनही हेच मागितलं होतं, आणि आज एका बोटानं झालं होतं. किती सोपं! ज्याच्यासाठी तिनं उशीत तोंड खुपसून रात्री काढल्या, ते या लोकांना एक ओळ खोडण्याइतकं स्वस्त होतं. म्हणजे आपल्यावर जे झालं ते झालंच नाही? तिला त्या लग्नाचा राग होताच, आता त्या लग्नाला नाही म्हणणाऱ्यांचा त्याहून जास्त आला. तिनं ओळ परत लिहिली. मग पायाच्या नियमांत शिरली, तो एक नियम काढून टाकला आणि बटण दाबलं.

लाल गेलं. आणि कंप्युटरनं स्वतःच्या डोक्यानं ताडलेली यादी खाली उभी केली. वसुमती, भामाची आजी. वसुमती, भामाची सासू. अखिला, भामाची मुलगी. अखिला, भामाची मामेबहीण.

जन्मात कुणी उच्चारलं नव्हतं, ते यंत्रानं निमूटपणे लिहून दिलं होतं. भामाक्कानं ती यादी छापून घेतली आणि मुरलीच्या टेबलावर ठेवली.

मुरलीनं वाचली. नियमाला हात लावलेली फाइल पास करता येणार नाही, असं तो म्हणाला, आणि मग जवळजवळ विनवू लागला. आक्का, सगळ्यांनी केलं, तुम्हीच का हट्ट करता, नोकरी जाईल.

"मुरली, तुझ्या आईलाही मामालाच दिलेली. नमुन्याला तू स्वतःचं घर लिहिलंस, त्यात तिची कुठली ओळ काढलीस?"

हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं. मुरली कागदाकडे बघत राहिला.

"आईला मामाच दाखवला नाही," तो म्हणाला.

"तिला विचारून?"

त्यानं कागद परत केला, सही केली नाही. अकरा जण पास झाले. पाच वर्षं कागद वाचणारी भामाक्का नापास झाली.

ती चालत घरी आली. सेतुराम कमरेची वेष्टी सारखी करत उठला, तिच्यासाठी कॉफी गाळली, टंबलर हातात दिला आणि काय झालं विचारलं. एरवी ती दोन शब्दांत उत्तर देऊन आत गेली असती. आज तिनं सगळं सांगितलं, लाल ओळीसकट. लग्नानंतर या विषयावर दोघं एकदाही बोलली नव्हती. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही माझे मामाच राहायला हवं होतं. तुम्ही मामा होता तेव्हा मला तुमच्याइतकं कुणीच प्रिय नव्हतं."

सेतुराम, साठीचा माणूस, डोळे खाली घालून बसला.

"मलाही तसंच वाटलं होतं, भामा," तो म्हणाला. "तुला खांद्यावर घेऊन हिंडलेला मी. लग्न नको, असं मनात होतं. पण आईपुढे बोलायचं धैर्य झालं नाही."

भामाक्कानं टंबलर खाली ठेवला. नोकरी गेल्याचा राग, मुरलीचा राग, मेलेल्या आजीचा राग, सगळे राग एकदम बाजूला सरले, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तिला खुद्द त्याचा राग आला.

"मी सतरा वर्षांची होते," ती म्हणाली. "तुम्ही बत्तीस वर्षांचे होता."