बंदच्या दिवसाचा पगार

आबा पंजाबच्या वेशीवरच्या मनीमाजऱ्याच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सैन्यातल्या मामाच्या ओळखीनं साताऱ्याहून आले आणि तिथलेच झाले. दुकान लालाजींचं, आबांना मशीनमागे मजुरी. दुकान उघडलं तर पैसे, नाहीतर नाही. ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षांत पंजाबात कुठे काही घडलं की इकडे बंद, कधी कर्फ्यू. मी घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. बंद वाढले आणि आईनं माझ्यासाठी शिवणाच्या क्लासची चौकशी केली. पुढच्या वर्षाची फी जमणार नाही, हे मला तेव्हा कळलं.

दुकानातले दोघे बिहारी कारागीर घाबरून गावी गेले. सगळं काम आबांवर आलं, दर मात्र तोच. एकदा जेवताना मी चाचरत म्हटलं, "आबा, आमच्या पुस्तकात आहे, कारागीर कमी झाले की मजुरी वाढते."

"लालाजींनी वाचलंय का ते पुस्तक?"

"मग तुम्ही वाचून दाखवा की," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आबांनी महिन्याचा पगार मागितला, बंदचे दिवस धरून. लालाजी म्हणाले, "मिस्त्रीजी, दुकान बंद और तनख्वाह चालू?" आबा काम थांबवून घरी येऊन बसले. रिकामे हात त्यांना सोसेनात. आईचं कधीचं बिघडलेलं मशीन त्यांनी खोललं.

"तुम्ही रुसलात म्हणून माझा नंबर लागला," आई म्हणाली. मला मात्र हसू येईना. पुस्तक माझं होतं.

आबांची एक रीत होती. मशीन दुरुस्त झालं की चिंधीवर, तिथल्या भाषेत कतरनवर, सरळ टीप मारायची आणि ती चिंधी सुईखाली तशीच ठेवायची. बायका ती टीप दोन्ही हातांनी ओढून बघत, मगच मशीन नेत. आता लालाजी स्वतः दुरुस्तीला बसले होते, पण चिंधी ठेवायचं त्यांना सुचलंच नाही. आमची शेजारीण हसत सांगत आली, "सब पूछ रही हैं, कतरन कहाँ है? लालाजी ने सिलाई मारके दिखाई, तो नीचे धागे का गोला!" एकही मशीन दुकानातून हललं नव्हतं.

संध्याकाळी दारात सायकलरिक्षा थांबली. लालाजी आणि मांडीवर मशीन.

"मिस्त्रीजी, एक कतरन लगा दो."

आबांनी मशीन उतरवून घेतलं, पुसलं. "कतरन अब महीने पे लगेगी, लालाजी."

लालाजींनी माझ्याकडे बोट केलं. "इसने सिखाया?"

"हाँ जी. कॉलेज की फीस भरी है."

लालाजी खो खो हसले. "तो मेरी जेब से भी भरवा ली! चलो, बंद के दिन भी पक्के."

महिनाभरात दुकानासमोरच्या पंखेवाल्याच्या कारागिरांनीही तसाच पगार मागून घेतला.

पुढचा बंद आला तेव्हा आबांनी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला आणि दारात खुर्ची टाकून बसले. शेजारणीनं विचारलं, "मिस्त्रीजी, आज छुट्टी?"

"छुट्टी कैसी? ड्यूटी पे हूँ," आबा म्हणाले आणि त्यांनी आईकडे चहा मागितला. आत आईच्या दुरुस्त झालेल्या मशीनवर माझा कॉलेजच्या नव्या वर्षाचा कुर्ता शिवून होत आला होता.