लाल फुलीचा ड्राइव्ह

भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंड्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. "यात कायतरी शिरलंय" म्हणत लोक मशीन घेऊन येतात आणि आत निघते धूळ... फार तर पाल. त्यामुळं या विषयावर माझं डोकं जरा लवकरच तापतं.

स्टँडजवळच्या फोटो स्टुडिओतून कमलताईंचा फोन आला. त्यांचे मिस्टर, भीमरावदादा, नुकतेच झोपेतच गेलेले. दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आणि पुढं ठेवून फुलं वाहायला दादांचा फोटोच नाही! सगळ्या तालुक्याचे फोटो काढणारा माणूस, पण स्वतःवर कॅमेरा आला की तोंड फिरवायचा. मतदान कार्डावरचा फोटो तर घरच्यांनीही ओळखू नये असा.

"एकदा सोताचा काढलाय म्हणले होते," ताई म्हणाल्या. "मागच्या कॉम्प्युटरात आसंल. पर पुढचा सुरू होतानाच नाय म्हणतोय."

मी स्टुडिओत गेलो. मागच्या खोलीत जुना कॉम्प्युटर, सगळे फोटो त्यात. काउंटरवरचा नवा केबलनं त्याला जोडलेला. मागचं फोल्डर पुढं ड्राइव्ह म्हणून दिसायचं. आता सुरू होतानाच 'ड्राइव्ह जोडता आला नाही' असा मेसेज यायचा आणि त्या ड्राइव्हवर लाल फुली होती.

"दोन्ही एकदमच चालू केले ना?"

"व्हय."

"तिथंच चुकलं. नवा लगेच उठतो आणि फोल्डर शोधतो. तोवर जुना जागाच झालेला नसतो."

"म्हणून व्हय!" ताईंना आठवलं. दादा आधी मागचं बटण दाबायचे, मग स्टूल पुसायचे, निळा पडदा सरळ करायचे, चहा सांगायचे आणि मगच काउंटरवर बसायचे.

मी रुबाबात मागचा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला... आणि आतून कटकट आवाज आला. हार्ड डिस्क गेली होती. पुढच्याला जोडणारी केबल काढली, कॅबिनेट उघडलं, डिस्क बाहेर घेतली. "सोलापूरला पाठवावी लागेल, ताई. उद्यापर्यंत काही होत नाही."

ताई उठल्या. "एकदा त्यांच्यावानी करून बघते."

"अहो, डिस्क माझ्या हातात आहे! त्यात आता काय राहिलंय?"

त्यांनी ऐकलं नाही. मागचं बटण दाबलं, नुसता पंखा फिरला. स्टूल पुसलं, पडदा सरळ केला, दारात जाऊन चहा सांगितला. मग काउंटरवरचा सुरू केला. मी चरफडत उभा होतो.

मेसेज आला नाही. ड्राइव्हवर फुली नव्हती.

आत एकच फोटो. दादा स्टुलावर, मागं निळा पडदा, हनुवटी जराशी वर, गिऱ्हाइकांना करायला लावायचे तशी. ताईंनी स्क्रीनला हात लावला. "बघा की... हसत्यात."

"आधी प्रिंट द्या!" मी ओरडलोच. प्रिंट बाहेर आली. मी ड्राइव्हवर पुन्हा क्लिक केलं — लाल फुली.

तेव्हापासून माझ्या डोक्याला भुंगा लागलाय. नव्या मशीनमध्ये फोटोची प्रत साठली असेल? ते सेटिंग बंद होतं. सगळं मशीन धुंडाळलं, फोटो नाही. सोलापूरहून डिस्कमधला सगळा डेटा परत आला, लग्नं, बारशी, पासपोर्ट... दादांचा एकही नाही. प्रिंट मात्र स्टुडिओत भिंतीवर आहे. मी स्वतः हात लावून पाहिलीय, एकदा नाही, बऱ्याचदा.

मागचा कॉम्प्युटर भंगारात गेला. तरी ताई सकाळी मागच्या भिंतीवरचं त्याचं रिकामं बटण आधी दाबतात. आणि पुढच्या स्क्रीनवर रोज तोच मेसेज येतो, कारण तो ड्राइव्ह अजून तिथंच आहे. काढून टाकणं म्हणजे मिनिटभराचं काम. गेलो की माउस हातात घेतो, राईट क्लिक करतो...

"ऱ्हाऊ द्या ओ," ताई म्हणतात. "कुठं काय खातंय ते."

मी माउस खाली ठेवतो. खरं सांगायचं तर, त्यांनी तसं म्हणायची वाटच बघत असतो.