अकराचा पेला

हिराला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाटी लावताना. साल १९९२. सदाशिव पेठेत आमच्या इमारतीच्या जिन्याखाली नऊ बाय सहाचा एक गाळा होता, तो तिनं एसटीडी बूथसाठी घेतला होता. माहेर मांजरीचं, नवरा खडकीच्या कारखान्यात, पोर सात वर्षांची. अशी बाई स्टुलावर चढून बूथच्या बाजूच्या काचेला पाटी चिकटवत होती: 'रडायचे असल्यास आधी रडून घ्यावे, मग फोन लावावा.' पेठेत खोल्या घेऊन राहणारी लातूर-जळगावकडची मुलं आईचा आवाज ऐकला की रडायची आणि बाहेर रांग खोळंबायची. पाटी वाचली आणि ही बाई इथे टिकणार हे मला कळलं.

शेजारचा गाळा आमचा. घरगुती पदार्थांचा. मेतकूट, भाजणी आणि सासूबाईंच्या काळापासून नावाजलेलं पियूष. पियूष म्हणजे श्रीखंड ताकात घोटून केलेलं पेय, वर जायफळ. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी पुण्यात येऊन प्यावं, मी इथे कृती सांगत बसणार नाही.

पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी हिराला चहा दिला. ही माणुसकी. पण दिला तो कानतुटक्या कपात, आणि तो कप पुढे खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा राहिला. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. हिरा चहा प्यायली, कप धुतला, जिथला तिथे ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती घरून थर्मास आणायला लागली. सासूबाईंपुढे तोंड उघडायची माझी प्राज्ञा नव्हती. मला तेव्हा लाज वाटली आणि अजूनही वाटते.

सत्त्याण्णव साली सासूबाई गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर मी माझ्या लग्नातला स्टीलचा पेला काढला, 'सौ. मंदाकिनी' असं नाव घातलेला. पियूषानं काठोकाठ भरला आणि सकाळी अकरा वाजता हिराच्या टेबलावर नेऊन ठेवला. तिनं पेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि एका दमात पिऊन टाकलं.

"छान आहे," म्हणाली.

झालं! तेव्हापासून रोज अकरा वाजता पेला. मी पंधरा मिनिटं बसायची, पेठेतल्या झाडून सगळ्यांची निंदानालस्ती व्हायची आणि मी रिकामा पेला घेऊन परत यायची. पुढे 'तुम्ही'चं 'तू' झालं.

मोबाइल आले, बूथ बसला. पण हिरा बसणाऱ्यातली नव्हती. तिनं दोन कॉम्प्युटर घेतले, प्रिंटर घेतला आणि आयटीत नोकरी शोधणाऱ्या मुलांचे बायोडेटा करून द्यायला लागली. ते कामही नुसतं टायपिंग नव्हे. एखाद्याचा विषय राहिलेला असायचा, एटीकेटी लागलेली असायची, मध्ये वर्ष गेलेलं असायचं. पोरगं हळूच म्हणायचं, "मावशी, ती गॅप दिसायला नको."

"का? चोरी केलीस का त्या वर्षात?" हिरा विचारायची. "नापास झालो, परत बसलो, पास झालो. सरळ लिही. लपवलंस तर ते तेवढंच विचारतील." अशी किती मुलं तिनं हिंजवडीला पोचवली याची गणती नाही. त्यात तिची स्वतःची लेक पूर्वासुद्धा आली.

हे सगळं खुर्चीत बसून. हिरा मुळात अंगानं भरलेली, त्यात वजन चढत गेलं ते उतरायचं नाव घेईना. बूथचं काचेचं दार तिनं काढून टाकलं. कोणी विचारलं तर म्हणायची, "हवा लागावी म्हणून." २००८ साली काटा एकशे अठरावर गेला, गुडघे बोलायला लागले, रक्तात साखर निघाली. पूर्वा तेव्हा नुकती कमवायला लागली होती. तिनं इंटरनेटवर वाचून वाचून आईला बँडच्या ऑपरेशनला तयार केलं.

या ऑपरेशनमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा पट्टा बसवतात. घासाची वाट अरुंद होते आणि चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी सांगितलं, पहिले काही आठवडे पातळ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचं. यातला 'पातळ' हा एक शब्द मी जो धरून बसले तो बसलेच. आमच्याकडे पातळ म्हणजे पथ्याचं, ही समजूत पिढीजात आहे. श्रीखंड वाटीतून खाल्लं तर ते खाणं, ताकात घोटलं की औषध! ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी मी पेला घेऊन हजर.

वर्षभरात चौदा किलो उतरले. हिरानं दोन नवे पंजाबी ड्रेस शिवले, मी तिची दृष्ट काढली. मग हळूहळू सगळं उलटं फिरलं. भाकरीचा घास छातीशी अडकायचा आणि ती ताटावरून उठून मोरीकडे धावायची. म्हणून तिनं चारचौघांत जेवणं सोडलं. बुद्ध पौर्णिमेला शंभर माणसांना खीर वाढायची आणि स्वतः कडेला उभी राहायची, जेवून आल्याचं सांगायची. एकटी असली की जे उतरतं ते घ्यायची. खीर उतरायची, आइस्क्रीम उतरायचं, पियूष तर काय, विचारूच नका. चार वर्षांनी काट्यावर एकशे एकवीस! पट्टा पोटात आणि वजन अंगावर, दोघं आपापल्या जागी सुखात.

लोक विचारायचे, "ऑपरेशन केलं होतं ना? मग?" कुणाच्याही बापाला न भिणारी बाई त्या दोन अक्षरांना भ्यायला लागली, आणि मला त्या लोकांचा असा राग यायचा की एकदोघींना मी भाजणी नाही म्हणून परत पाठवलं. भाजणी होती.

२०१२च्या पावसाळ्यात तिला पाणीसुद्धा पोटात ठरेना. पूर्वानं तिला दुसऱ्या सर्जनकडं नेलं, डॉक्टर जरीना इनामदार. बाई पुण्यातच वाढलेल्या, त्यामुळे जरुरीपेक्षा एक शब्द जास्त नाही. तपासण्या पाहून म्हणाल्या, "बँड सरकलाय. तो काढावाच लागेल. प्रश्न पुढचा आहे. नुसता काढून थांबायचं, की तीन महिन्यांनी जठराची बायपास करायची? थांबलात तर वजन वाढण्याचीच शक्यता जास्त, आणि साखर अशीच राहिली तर इन्शुलिन लागेल. बायपास मोठी आहे, जठर छोटं करून पुढच्या आतड्याला जोडतात. धोके सांगते, वाचायलाही देते. आठ दिवसांनी या. येताना आजवर काय काय झालं आणि रोज काय खाता, सगळं लिहून आणा."

हिरा घरी आली ती ठरवूनच. "पट्टा काढतील आणि मला सोडतील. बास."

"आई, अगं इन्शुलिन म्हणाल्या त्या!" पूर्वा रडकुंडीला आली.

"एकदा संधी मिळाली होती, मी वाया घालवली. परत कुठल्या तोंडानं टेबलावर झोपू? पुन्हा तेच झालं तर?"

सात दिवस हेच. पूर्वा माझ्याकडे आली. "मंदामावशी, तुमचंच ऐकेल ती." हा पोरीचा भ्रम होता, हिरा कुणाचंच ऐकत नाही. पण आठव्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी पेला घेऊन गेले, तो टेबलावर ठेवला आणि सरळ तिच्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले.

"सांग. मी टाइप करते," म्हटलं.

"तुला येतं?"

"एका बोटानं येतं. आज तू उमेदवार, मी मावशी. सांग, २००८ साली काय झालं?"

तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी बोटानं एकेक अक्षर शोधत राहिले. ऑपरेशन. चौदा किलो कमी. "आता २०१०?" हिरानं स्क्रीनवर हात आडवा धरला. मग म्हणाली, "ते नको लिहू. थेट आत्ताचं लिही."

"का? चोरी केलीस का त्या वर्षात?"

माझ्या तोंडून तिचंच वाक्य ऐकल्यावर ती आधी चिडली, मग हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मी पाटीकडं बोट दाखवलं. वीस वर्षांची पिवळी पडलेली पाटी, अजून तिथेच होती. 'आधी रडून घ्यावे.' ती मन भरून रडली. मग नाक पुसून तिनं सगळं सांगितलं. उलट्या, लपून खाणं, पौर्णिमेला उपाशी उभं राहणं. मी एकही ओळ गाळली नाही.

"आता रोजचं खाणं," मी म्हटलं. तिनं सांगितलं, मी लिहिलं. वाचून पाहिलं. "पियूष राहिलं की!"

"ते कशाला? ते खाण्यात नाही येत."

"मग कशात येतं?"

"ते तुझं आहे," हिरा म्हणाली. मग पेला बाजूला सारून, "मंदा, खरं सांगू? मला पियूष कधीच आवडलं नाही. फार गोड लागतं."

माझं बोट कळफलकावर तसंच राहिलं. "पंधरा वर्षं पीत होतीस!"

"पहिल्या दिवशी तू नाव घातलेला पेला आणलास. तुझ्या घरातला, तुझ्या लग्नातला. त्या पेल्याला नाही कसं म्हणणार होते मी?"

ज्या गोष्टीनं मी त्या कपाची चूक फेडली असं मला वाटत होतं, तीच गोष्ट मी रोज अकरा वाजता तिच्या पोटात ओतत होते. आता रडायची पाळी माझी होती, आणि हिरा तिकडे खो खो हसत होती. "लिही, लिही. पियूष, रोज एक पेला. गॅप लपवायची नाही."

दुपारी दवाखान्यात मीही गेले. डॉक्टरांनी कागद शांतपणे वाचला. पियूषापाशी त्या थांबल्या. "पेला केवढा?"

मी पिशवीतून पेला काढून टेबलावर ठेवला. पुराव्यादाखल आणलाच होता. डॉक्टरांनी तो हातात धरून पाहिला. "हा पेला नाही, तांब्या आहे," म्हणाल्या. मग हिराकडे वळून म्हणाल्या, "वजन एकट्या पियूषानं वाढलं नाही आणि बँड तर त्यानं मुळीच सरकला नाही. ते दुखणं असतं, चूक नसते. ज्याला भाकरी उतरत नाही तो जे उतरतं तेच घेणार. तुम्हाला वाटतंय तुम्ही नापास झालात. नापास पट्टा झालाय."

हिरानं टेबलावरचा तो कागद पुन्हा वाचला. मग तिनं खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशनं किती केलीत? त्यात बिघडली किती?"

डॉक्टरांनी आकडे सांगितले, वाईट आकडेही सांगितले. आतल्या टाक्यांतून गळती होऊ शकते, दुसऱ्यांदाच्या ऑपरेशनला धोका जास्त, गोळ्या जन्मभर. हिरानं सगळं लिहून घेतलं, तीन प्रश्न पुन्हा विचारले आणि मग पूर्वाचा हात धरला.

"नीट चावून, सगळ्यांत बसून एक चतकोर भाकरी खाता येईल?"

"येईल. सावकाश."

"मग बसते परत," हिरा म्हणाली. पूर्वानं तिथेच तिला मिठी मारली, आणि डॉक्टरांनी हसू येऊ नये म्हणून खिडकीबाहेर पाहिलं.

पट्टा ऑक्टोबरात निघाला, बायपास जानेवारीत झाली. त्या बुद्ध पौर्णिमेपर्यंत चोवीस किलो उतरले होते, साखरेच्या गोळ्या निम्म्यावर आल्या होत्या आणि हिरानं पंगतीत बसून अर्धा तास लावून चतकोर भाकरी खाल्ली. मोरीकडे धावली नाही. तो अर्धा तास मी तिच्या समोर बसून तिचा एकेक घास मोजत होते आणि माझं स्वतःचं ताट गार झालं.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, ऑपरेशननंतर ती दुकानात परत आली त्या दिवसाचं. अकरा वाजले आणि मी आपली गल्ल्यामागे बसून. पियूष न्यायचं नाही, मग जायचं कसं? पंधरा वर्षांत मी तिच्याकडे रिकाम्या हातानं कधी गेलेच नव्हते. सव्वाअकराला भिंतीपलीकडून हाक आली, "मंदा, अकरा वाजून गेले! पेला घेऊन ये, रिकामा!"

गेले. हिरानं टेबलाखालून थर्मास काढला. तोच पूर्वीचा नव्हे, मधे दोनतीन बदलले असतील. पण वीस वर्षं तो त्या टेबलाखाली होता, त्यातला चहा तिनं मला कधी दिला नव्हता, आणि मागायचं तोंड मला नव्हतं. तिनं माझ्या नावाचा पेला अर्धा भरला आणि माझ्यापुढे सरकवला.

चहा कोमट होता आणि त्यात साखर नव्हती. मी एका दमात प्यायले.

"छान आहे," म्हणाले.